दातवाल्या सरांचा नंबर

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याने आमचं घर पाहिलं नसावं. तळमजल्यावर आमची डेंटल लॅब आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही ते प्लास्टरमध्ये ओततो, त्यावर मेणाचे दात कोरतो, आणि ते बरोबर जमले की मग पक्के दात करतो. माझा दादा कवळ्या करतो, मी कॅप करते. दातावरची कॅप, डोक्यावरची नव्हे. हे मी जन्मभर लोकांना सांगत आले आहे.

दादाची पोरगी आमच्या घरात फार उशिरा आली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती की वहिनीने आशा सोडून घरात मांजर आणलं होतं. मग ही झाली, आणि दादाने तिचं नाव ठेवायच्या आधीच तिला अक्कलदाढ म्हणायला सुरुवात केली. उशिरा येते आणि येताना सगळ्यांना रडवते, म्हणून. त्याचं पुढे दाढू झालं. कागदोपत्री तिला चांगलं नाव आहे, पण ते शाळेतल्या बाईंखेरीज कुणी वापरलं नाही.

दाढू लॅबमध्येच वाढली. बाकीच्या पोरांना खेळायला माती असते, हिला मेण होतं. आधी तिने दाढा कोरल्या, मग दाढांना डोळे-नाक काढले, मग नुसती डोकीच कोरायला लागली. समोरचा किराणावाला, टपाल आणणाऱ्या बाई, मी. माझं डोकं तिने कोरलं तेव्हा भुवया अशा वर चढवल्या होत्या की मी आरशात जाऊन बघून आले. तशाच होत्या. तेव्हापासून मला ठाऊक होतं की ही पोरगी दाताच्या मापात मावणारी नाही.

तिला शिल्पकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तेही त्या एकाच, जिथे मूठभर जागा असतात आणि अर्ज पोत्याने येतात. दुसऱ्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. चांगलं कॉलेज, जाहिरातीची चित्रं वगैरे शिकवतात, घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ. पण दाढू त्याबद्दल बोलायची तेव्हा तिचा आवाज पथ्याचं जेवण सांगितल्यासारखा व्हायचा.

मोठ्या कॉलेजच्या मुलाखतीला दादा आणि वहिनी तिच्याबरोबर गेले. जे झालं ते मला वहिनीने सांगितलं आहे, आणि दादाने नाकारलेलं नाही.

दाढू आत मुलाखत देत होती. आई-वडिलांना एका मोठ्या खोलीत बसवून चहा दिला होता. तिथे शिल्पकला विभागाचे प्रमुख सगळ्यांना भेटायला आले. सभ्य माणूस, प्रत्येकाजवळ थांबून दोन शब्द बोलत होता. दादाजवळ आले आणि हसले. आता दादा माणसाचा चेहरा नंतर बघतो, दात आधी बघतो, आणि त्याच्या जिभेला हाड नाही.

तो म्हणाला, "सर, हा वरचा पुढचा दात कुणी केला? रंगाची शेड चुकली आहे. बाकीचे तुमच्या वयाचे आहेत, हा एकटाच लग्नाला निघालाय."

वहिनीने डोळे मिटून घेतले. तिने उघडले तेव्हा दादा खिशातून लॅबचं कार्ड काढून त्या गृहस्थांच्या हातात देत होता. ते हसले, पण तोंडावर हात धरून. आणि वहिनी म्हणते, त्यानंतर ते त्या खोलीत कुणापाशीच हसले नाहीत.

पुढे काही दिवसांनी कॉलेजकडून मेल आला. दाढूला घेतलंही नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं. तिला प्रतीक्षा यादीत ठेवलं होतं. ज्यांना जागा मिळाली त्यांच्यापैकी कुणी सोडली तर यादीतल्यांना बोलावू, यादीत कितवा नंबर आहे ते सांगता येणार नाही, मध्ये फोन करून विचारू नये, आम्हीच कळवू. किती गोड भाषेत लिहिलं होतं. माणसाला दारात उभं करून दार लोटून घ्यायचं आणि वर आतून विचारायचं, बरं आहे ना तिथे?

दादा त्या मेलपाशी बराच वेळ बसला. मग म्हणाला, "माझ्यामुळे झालं का गं?"

"माहीत नाही, बाबा," दाढू म्हणाली.

ती खरं तेच बोलली. पण हो म्हणाली असती तर दादाने एकदा कपाळ बडवून घेतलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. त्या 'माहीत नाही'ने त्याला आतून पोखरलं. तो गप्प झाला. किराणावाल्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागला, न जाणो त्याचे दात दिसतील. जन्मभर ज्याची बडबड बंद व्हावी म्हणून मी हात जोडले, त्याचं तोंड बंद झालेलं मला बघवेना.

वाट बघायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. वहिनी कपाटं आवरायची. एकदा आवरून झालेलं कपाट दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. दाढूची बॅगही तिने भरून ठेवली होती, आणि मग भरून ठेवणं म्हणजे आधीच दृष्ट लावणं असं वाटून रिकामी केली होती. दाढू दिवसभर मोबाइल हातात घेऊन मेल बघायची. शेवटी मीच तो काढून घेतला आणि प्लास्टरच्या पोत्यामागच्या खणात ठेवला. म्हटलं, जेवणाआधी एकदा बघायचा आणि जेवणानंतर एकदा, औषधासारखा. आणि मी काय करत होते? मी सगळ्यांवर ओरडत होते. ती माझी तऱ्हा.

शेजारपाजारचे विचारायचे, काय झालं ॲडमिशनचं? मी सांगायची, तळ्यात ना मळ्यात. त्यावर प्रत्येकाकडे एक गोष्ट तयार असायची. कुणाच्या भाच्याला अगदी शेवटच्या दिवशी बोलावलं होतं, कुणाची पुतणी वाट बघत राहिली आणि हातातलं कॉलेजही गेलं. दोन्ही प्रकारच्या गोष्टी ऐकून दाढूचा चेहरा सारखाच उतरायचा. मग तिने वरच्या खोलीत बसून राहणं सोडलं आणि एप्रन घालून खाली लॅबमध्ये आली. हाताला काम असलं की डोकं कमी खातं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आम्ही तिघं खाली बसायचो. खिडकीपाशी मी, कारण कॅपचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळवावा लागतो. मध्ये दाढू मेणाचे दात कोरत. पलीकडे दादा, कवळी घासायच्या मशीनपाशी. भिंतीवरच्या फळीवर ओळीने गावभरच्या लोकांचे प्लास्टरचे जबडे, आणि आमच्यात मात्र कुणी तोंड उघडत नाही.

अशाच एका सकाळी लॅबचा फोन वाजला. दाढू जवळ होती, तिने उचलला. "हो, लॅबच. बोला." मग ती उभी राहिली. "हो सर. ओळखलं."

तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळली. विभागप्रमुखांचा फोन होता. त्या दिवसापासून त्यांना आरशात तो एकच दात दिसत होता. ते त्यांच्या डॉक्टरांकडे गेले, डॉक्टर म्हणाले की हे चुकलंय खरं, नवी कॅप करू. मग यांनी दादाचं कार्ड पुढे केलं. आता शेड बघायला ते स्वतः लॅबमध्ये कधी येऊ म्हणून विचारत होते. कुणाशी बोलतोय याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

वहिनी नेमकी चहा घेऊन जिन्यावरून उतरत होती. तिने ट्रे तिथेच पायरीवर ठेवला. "उद्या या म्हणावं. उद्या कशाला, आजच या म्हणावं."

दादा मशीन बंद करून उठला होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा फुलला होता. "मी करतो," कॅपचं काम माझं असूनही तो म्हणाला. "हातातली सगळी कामं बाजूला ठेवतो. असा दात करतो की त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही."

खरं सांगायचं तर मलाही वाटलं, देव दार उघडतो तेव्हा चौकटीला नावं ठेवू नयेत.

दाढूने हात काढला. "सर, तुमचं काम आत्ता आम्हाला घेता येणार नाही," ती म्हणाली. "माझं नाव तुमच्या कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत आहे. त्या दिवशी तुमच्या दाताबद्दल बोलले ते माझे बाबा."

वहिनी पायरीवर, ट्रेच्या शेजारी, खालीच बसली.

"त्यामुळे माझा निकाल लागेपर्यंत तुमचा दात करणं बरं दिसणार नाही," दाढू पुढे बोलत होती. "तोवर आम्ही तुमचं नाव प्रतीक्षा यादीत ठेवतो. हो, आमचीही यादी आहे. नाही सर, कितवा नंबर ते सांगता येणार नाही. मध्ये फोन करून विचारू नका, आम्हीच कळवू."

आमच्या लॅबला यादी कधी नव्हती. गावात दुसरी लॅब असताना कोण कशाला यादीत थांबेल? माझ्या हातातून मेणाची सुरी पडली, इतकं मला हसू आलं. पलीकडून काहीच ऐकू येईना. दाढूचे कान लाल झाले होते. मग फोनमधून इतक्या मोठ्याने हसण्याचा आवाज आला की तो मला खिडकीपाशी ऐकू आला.

"काय म्हणाले?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"म्हणाले, बरोबर आहे. थांबतो."

त्या दुपारी जेवताना घरात रण पेटलं. वहिनीचं म्हणणं, चालून आलेला माणूस हिने हाकलला. "दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे चणे दारात आले आणि हिने स्वतःचे दात काढून ठेवले." मी म्हटलं, वहिनी, म्हण तरी नीट वापर. त्यावर ती माझ्यावर घसरली, की हिला असलं बाणेदार बोलायला शिकवलं कुणी? आत्यानेच ना? तो आरोप मला आवडला, म्हणून मी उलट उत्तर दिलं नाही.

दादा ताटात बघत होता. तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी माझ्या हातून नीट होईल."

दाढूने घास खाली ठेवला. "बाबा, समजा मला उद्या बोलावलं. मला कसं कळणार, मला माझ्या कामासाठी घेतलं की तू केलेल्या दातासाठी? मी तिथे जन्मभर त्यावर डोकं खाजवत बसू? नाही मिळालं तर नाही. पण मिळालं तर ते माझं पाहिजे."

वहिनीने दाढूच्या ताटात भाजी वाढली, न विचारता, बचकभर. आमच्या घरात हार मानायची ती रीत आहे.

पण त्या दिवसानंतर वाट बघणं थोडं हलकं झालं, हे खरं. 'दातवाले सर' हा घरातला शब्द झाला. जेवणाआधीचा मेल बघून झाला की वहिनीच विचारायची, "आज दातवाल्या सरांचा नंबर लागला का?" आणि दाढू म्हणायची, "नाही, तेही तसेच." एकदा मेण कोरता कोरता ती मला म्हणाली, "आत्या, ते खरंच थांबले असतील का? दुसऱ्या लॅबमध्ये गेले असतील."

"गेले तर गेले. पांढऱ्या दाताचा माणूस, आपल्याला काय त्याचं?"

"थांबले असतील तर बरं वाटेल मला," ती म्हणाली. "म्हणजे तिकडे आत बसलेल्या कुणाला तरी कळेल, कसं वाटतं ते."

तिच्या केसांवर मेणाचा भुगा पडला होता. मी तो झटकायच्या निमित्ताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझा त्या पोरीवर फार जीव आहे. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण मग तिच्यावर ओरडता आलं नसतं.

जवळच्या कॉलेजचे वर्ग सुरू व्हायला आले. वहिनीने वह्या आणल्या आणि कुठल्याही कॉलेजला चालतील अशा कोऱ्याच आणल्या. आणि त्याच आठवड्यात, जेवणानंतरच्या खेपेला, दाढूने खणातून मोबाइल काढला आणि खाली ठेवलाच नाही.

मेल छोटा होता. या वर्षी कुणीही जागा सोडली नाही. त्यामुळे प्रतीक्षा यादीतून कुणालाही घेता आलं नाही. यादी बंद केली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

ती हे वाचून दाखवेपर्यंत तिचा आवाज नीट होता. शुभेच्छांपाशी फाटला. वहिनी तिच्याजवळ गेली, पण दाढूने हात वर करून तिला थांबवलं आणि मोरीतल्या नळाखाली तोंड धुवायला लागली. धुतच राहिली. पाण्याच्या आवाजात रडता येतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, म्हणून आम्ही दोघी तिकडे गेलो नाही.

दादा मशीनपाशी उभा होता, हातात कुणाची तरी अर्धी घासलेली कवळी. त्याने कुणाला काही विचारलं नाही. त्याचे ओठ हलत होते. तिला यादीत का टाकलं, तिचं काम कुठे कमी पडलं, की दादाच्या त्या एका वाक्याने माशी शिंकली, ते आता आम्हाला कधीच कळणार नव्हतं, आणि तो ते बरोबर घेऊनच जगणार होता. मला त्याची कीव आली आणि म्हणूनच संताप आला.

"आता येऊ दे त्या माणसाला," मी म्हटलं. "घोड्याचा दात बसवते. पिवळा. हसला की लोक खरारा घेऊन आले पाहिजेत."

दाढू टॉवेलने तोंड पुसत बाहेर आली. नाक लाल, डोळे सुजलेले. ती माझ्या टेबलापाशी आली.

"आत्या, दातवाल्या सरांचा फोन नंबर कुठे आहे?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? निकाल लागला ना."

वहिनी म्हणाली, "अगं, आज राहू दे. आज कशाला?"

"आई, ते थांबलेत," दाढू म्हणाली. "मला कळवायला त्यांनी इतके दिवस घेतले. मी त्यांना एक दिवस जास्त नाही लटकवणार."

तिने फोन लावला. आम्ही तिघं जागच्या जागी उभे होतो.

"सर, लॅबमधून बोलतेय. तुमचा नंबर लागला."

पलीकडे ते काहीतरी बोलले.

"नाही सर. माझा नाही लागला. यादी बंद झाली."

मग ते खूप वेळ बोलत राहिले. काय बोलले ते तिने आम्हाला नंतरही नीट सांगितलं नाही, आणि मी पहिल्यांदाच कुणाच्या गोष्टीत नाक खुपसलं नाही. ती नुसतं हो म्हणत होती, आणि एकदा म्हणाली, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, सर." तेव्हा तिने फोनची वायर बोटाभोवती घट्ट गुंडाळली होती. मग ती सरळ उभी राहिली आणि प्रत्येक पेशंटला सांगतो ते सांगायला लागली.

"उद्या सकाळी या, चांगला उजेड असताना. येताना चहा-कॉफी पिऊन येऊ नका. गडद रंगाचा शर्ट नको, त्याची झाक दातावर पडते. नाही, मी नाही बघणार. कॅप आत्या करेल, पण शेड बाबा बघतील." ती दादाकडे वळली, आणि फोनवर बोलत असली तरी ते त्यालाच सांगत होती. "त्या दिवशी ते जे बोलले ना, ते खरंच होतं, सर. आमच्याकडे त्यांच्याइतकं कुणाला दिसत नाही. मला त्यांच्या बोलण्याचा कधीच राग नव्हता."

दादाने कवळी खाली ठेवली. त्याने एप्रनला हात पुसले, मग एप्रननेच डोळे पुसले, आणि प्लास्टर डोळ्यात गेल्यामुळे आणखी पाणी आलं. वहिनी त्याच्याकडे जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग त्याने कोपऱ्यातलं फडकं घेतलं, माझी खुर्ची बाजूला सारली, आणि उद्याच्या उजेडासाठी खिडकीची काच पुसायला लागला.